स्टेंट बसवल्यानंतर धमनी उघडी आहे, हे कशावरून ठरवायचे?

आपल्या प्रश्नाचा गोषवारा असा : ठाण्यात पाचपाखाडीत राहणाऱ्या आपल्या ६४ वर्षांच्या वडिलांची सात महिन्यांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली. हृदयाच्या पुढच्या भिंतीला रक्त पुरवणाऱ्या मोठ्या धमनीत, म्हणजे एलएडीमध्ये, औषध लावलेला एक स्टेंट, म्हणजे धमनी उघडी ठेवणारी जाळीची नळी, बसवला गेला आणि डिस्चार्ज कार्डावर ‘टिमी-३ फ्लो’ अशी नोंद आहे. वडिलांना आज कोणताही त्रास नाही. मात्र सोसायटीतील एका परिचितांनी ‘वर्षाच्या आत पुन्हा अँजिओग्राफी करून घ्याच’ असे बजावले, एका लॅबने सवलतीच्या दरात सीटी अँजिओग्राफीचे पॅकेज देऊ केले, आणि आता आपण विचारता की आत रक्त नीट वाहते आहे की नाही हे कळणार कसे.

थोडक्यात उत्तर हवे असेल तर ते असे की, त्रास नसलेल्या माणसाची धमनी ठरावीक काळाने यंत्रात घालून पाहण्याची गरज नसते. आणि त्रास सुरू झाला तर विश्रांतीच्या अवस्थेत काढलेल्या कोणत्याही रिपोर्टवर समाधान मानून चालत नाही. या दोन वाक्यांत काहींना विसंगती वाटते, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

आधी ‘टिमी-३’ म्हणजे काय ते पाहू. रक्ताची गुठळी विरघळवणाऱ्या औषधांच्या चाचण्या १९८०च्या दशकात अमेरिकेत झाल्या, तेव्हा धमनीतील प्रवाहाला शून्य ते तीन अशी श्रेणी देण्याची पद्धत पडली. चाचणीच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून तिला टिमी म्हणतात. अँजिओग्राफीत धमनीत सोडलेले, क्ष-किरणांत दिसणारे द्रव्य, म्हणजे डाय, अडथळ्यापुढे मुळीच गेला नाही तर शून्य, थोडासा झिरपला पण शेवटपर्यंत पोहोचला नाही तर एक, पोहोचला पण रेंगाळत पोहोचला तर दोन, आणि इतर धमन्यांइतक्याच वेगाने टोकापर्यंत जाऊन धुऊन निघाला तर तीन. याचा अर्थ वडिलांच्या कार्डावरील नोंद चांगलीच आहे. पण ती त्या दिवशीची, त्या मिनिटाची आणि आडव्या पडलेल्या, स्वस्थ माणसाची नोंद आहे, शिवाय ती डॉक्टरांनी डोळ्यांनी अंदाजलेली आहे. आज धमनी कशी आहे हे ती सांगत नाही, आणि तसे सांगण्याचा तिचा उद्देशही नव्हता.

आडवे पडलेल्या माणसाचा उल्लेख मुद्दाम केला, कारण सगळी मेख तिथेच आहे. विश्रांतीत असताना हृदयाच्या स्वतःच्या स्नायूला मिनिटाला साधारण २२५ ते २५० मिलिलिटर रक्त लागते, म्हणजे हृदय जेवढे रक्त बाहेर फेकते त्याच्या चार-पाच टक्के. शरीरातील इतर स्नायू रक्तातला थोडाच प्राणवायू उचलतात आणि गरज वाढली की अधिक उचलतात. हृदयाला ती सोय नाही, कारण ते विश्रांतीतच सत्तर टक्क्यांच्या वर प्राणवायू काढून घेत असते. जिना चढताना त्याला जास्त प्राणवायू हवा असेल तर जास्त रक्तच यावे लागते. निरोगी धमन्या हा प्रवाह चौपट-पाचपट वाढवू शकतात, कारण पुढच्या बारीक रक्तवाहिन्या गरजेनुसार सैल होतात. मोठ्या धमनीत अरुंदपणा आला की याच बारीक वाहिन्या आधीपासून सैल होऊन उणीव झाकतात, आणि त्यामुळे विश्रांतीतला प्रवाह बराच काळ नेहमीसारखाच राहतो. अमेरिकन हृदयतज्ज्ञ लान्स गूल्ड यांनी १९७४ साली प्राण्यांवरील प्रयोगांत दाखवले की धमनीचा व्यास निम्म्याने घटला की कमाल प्रवाह कमी होऊ लागतो, पण विश्रांतीतला प्रवाह घटायला व्यास सुमारे ८५ टक्क्यांनी कमी व्हावा लागतो. उन्हाळ्यात टाकीतले पाणी कमी झाले तरी एकच नळ उघडला तर धार पूर्वीसारखीच पडते. घरातले सगळे नळ एकदम सोडले की खरे काय ते समजते.

त्यामुळे नुसता ईसीजी आणि नुसता टू डी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, ‘नॉर्मल’ आला म्हणून स्टेंट उघडा आहे, असा निष्कर्ष काढता येत नाही. एकोमध्ये धमन्यांमधला प्रवाह दिसतही नाही. दिसते ती भिंतीची हालचाल आणि पंप करण्याची ताकद. या तपासण्या निरुपयोगी आहेत असे मी म्हणत नाही, आधीच्या झटक्याने स्नायूचे किती नुकसान झाले ते त्यांतूनच कळते. पण त्यांना जो प्रश्न विचारलाच नाही त्याचे उत्तर त्यांच्यात शोधू नये.

प्रवाहाची खरी मोजणी करण्याची उत्तम जागा कॅथलॅब, म्हणजे अँजिओप्लास्टी जिथे करतात ती खोली, आहे, आणि उत्तम वेळ स्टेंट बसवतानाचीच आहे. आंद्रेआस ग्रुन्ट्झिग यांनी १६ सप्टेंबर १९७७ रोजी झ्युरिकला हृदयाच्या धमनीत पहिल्यांदा फुगा फुगवला, तेव्हाही ते अडथळ्याच्या अलीकडचा आणि पलीकडचा दाब मोजून फुग्याचा परिणाम ठरवत. आज तेच काम केसासारखी बारीक, टोकाजवळ दाबमापक असलेली तार करते. ती अडथळ्याच्या पुढे नेऊन ठेवतात, अ‍ॅडेनोसिन नावाचे औषध देऊन बारीक वाहिन्या पूर्ण सैल करतात, आणि पुढच्या दाबाला महाधमनीतील दाबाने भागतात. या भागाकाराला एफएफआर म्हणतात. पूर्ण निरोगी धमनीत तो १ असतो; ०.८० किंवा त्याहून कमी आला तर तो अडथळा स्नायूला उपाशी ठेवतो आहे असे मानतात. औषध सुरू असताना रुग्णाच्या छातीत ऊब किंवा दडपण जाणवते, काहींना घाबरल्यासारखे होते; ते आधीच सांगून ठेवावे लागते. अ‍ॅडेनोसिनचा असर काही सेकंदांतच ओसरतो. स्टेंट बसवल्यानंतर हाच आकडा ०.९०च्या आसपास किंवा वर असला तर पुढचा काळ सहसा बरा जातो, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. याच्या जोडीला ओसीटी नावाची तपासणी असते. तिच्यात प्रकाशाच्या साहाय्याने धमनीच्या आतून काढलेले चित्र इतके बारीक असते की मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा तपशील ओळखता येतो, आणि स्टेंटची जाळी भिंतीला टेकली आहे की अधांतरी आहे ते दिसते. ही तार आणि ओसीटीचा कॅथेटर, म्हणजे बारीक नळी, महाग असल्याने प्रत्येक रुग्णात वापरले जात नाहीत, आणि सरळसोट, छोट्या अडथळ्यात त्यांच्यावाचून अडतेही क्वचित. लांब, चुना (कॅल्शियम) साचलेल्या किंवा फाट्यावरच्या अडथळ्यात मात्र मी रुग्णाच्या नातेवाइकांना खर्चाची कल्पना देऊन ते वापरण्याचा आग्रह धरतो. हा आग्रह अनुभवातून आलेला आहे, त्याबद्दल पुढे लिहितो.

घरी गेल्यानंतर स्टेंटला दोन निरनिराळे धोके असतात आणि लोक त्यांची गल्लत करतात. पहिला धोका गुठळीचा. ती अचानक होते, बहुधा पहिल्या महिन्यात, आणि झाली तर सरळ हार्ट अटॅकच येतो. तिची चाहूल आदल्या आठवड्यातील कोणत्याही तपासणीत लागत नाही. सोमवारी ट्रेडमिलवर उत्तम धावलेल्या माणसाला गुरुवारी गुठळी होऊ शकते. तिच्यावरचा पहारा म्हणजे रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या, एक अ‍ॅस्पिरिन आणि दुसरी क्लोपिडोग्रेल, टिकाग्रेलोर किंवा प्रासुग्रेल यांपैकी. हार्ट अटॅक येऊन अँजिओप्लास्टी झाली असेल तर दोन्ही सर्वसाधारणपणे बारा महिने, आणि स्थिर अवस्थेत झाली असेल तर सहा महिने चालतात. रक्तस्रावाचा धोका पाहून हा काळ कमी-जास्त होतो. दात काढायचा आहे म्हणून, गणपतीत गावी जाताना पाकीट विसरले म्हणून किंवा ‘आता बरे वाटते’ म्हणून गोळ्या परस्पर थांबवलेले रुग्ण मी पाहिले आहेत आणि त्यांतल्या काहींना मध्यरात्री कॅथलॅबमध्येही पाहिले आहे. आपल्या वडिलांना सात महिने झाले आहेत, तेव्हा दुसरी गोळी चालू ठेवायची की बंद करायची हे त्यांच्या डॉक्टरांना विचारून कार्डावर लिहून घ्या. सीटी पॅकेजपेक्षा हे काम अधिक तातडीचे आहे.

दुसरा धोका स्टेंटच्या आत हळूहळू ऊती वाढून मार्ग अरुंद होण्याचा. औषध नसलेल्या जुन्या स्टेंटमध्ये हे साधारण दर चौथ्या-पाचव्या रुग्णात होत असे आणि बहुधा सहा ते नऊ महिन्यांत लक्षात येत असे. आमच्या उमेदवारीच्या काळात म्हणूनच अनेक ठिकाणी सहा महिन्यांनी ‘चेक अँजिओ’ करण्याची चाल होती. सोसायटीतल्या परिचितांचा सल्ला त्या काळातला असावा. औषधी स्टेंट २००३ पासून प्रचारात आले आणि हे प्रमाण बरेच खाली आले. शिवाय त्या ‘चेक अँजिओ’चा एक दुष्परिणाम आम्हीच अनुभवला होता : त्रास नसलेल्या माणसाच्या धमनीत जरासा अरुंदपणा दिसला की हात स्वस्थ बसत नसे आणि दुसरा स्टेंट बसवला जाई.

हा प्रश्न दक्षिण कोरियातील डॉक्टरांनी नीट तपासून पाहिला. १,७०६ रुग्ण घेतले, तेही सोपे नव्हेत तर मधुमेह, मुख्य डाव्या धमनीतला अडथळा, फाट्यावरचे किंवा लांब स्टेंट, मूत्रपिंडाचा आजार अशी जोखीम असलेले. अर्ध्या जणांची वर्षभराने त्रास नसतानाही ट्रेडमिल, स्ट्रेस एको किंवा थॅलियमसारखी, हृदयावर ताण देऊन करायची तपासणी केली, उरलेल्यांची गरज पडली तरच केली. मृत्यू, हार्ट अटॅक किंवा अस्थिर अंजायनासाठी (बसल्या जागीही येणाऱ्या किंवा वाढत जाणाऱ्या छातीतल्या दुखण्यासाठी) भरती होणे, यांतले काही ना काही दोन वर्षांत घडण्याचे प्रमाण पहिल्या गटात ५.५ टक्के आणि दुसऱ्यात ६ टक्के आले, म्हणजे सांख्यिकीच्या दृष्टीने सारखेच. मात्र तपासणी झालेल्या गटात पुढे अँजिओग्राफी आणि पुन्हा स्टेंट वा बायपास होण्याचे प्रमाण अधिक राहिले. २०२२ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि तेव्हापासून माझ्या दवाखान्यातला ‘वार्षिक टीएमटी’, म्हणजे दरवर्षीची ट्रेडमिल तपासणी, जवळजवळ बंद झाला. वैमानिक, बसचालक अशा, इतरांचे प्राण हाती असलेल्या व्यवसायांत नियमाने तपासणी मागितली जाते, तो भाग वेगळा.

आता त्रास सुरू झाला तर काय, हे पाहू. इथे मला एक रुग्ण आठवतात, कळव्याहून येणारे निवृत्त गृहस्थ. त्यांचा एलएडीतील स्टेंट मीच बसवला होता. चुना असलेली धमनी होती, फुगा जोरात फुगवला, पडद्यावर डाय सरसर गेला, टिमी-३ लिहिले आणि ओसीटी न करता टेबलावरून उतरवले. आठ महिन्यांनी ते नेहमीच्या तपासणीला आले. छातीत दुखते का, विचारले तर ‘अजिबात नाही.’ दम लागतो का, ‘तसा नाही.’ मग मी प्रत्येकाला विचारतो तो प्रश्न विचारला, ठाणे स्टेशनचा पूल कसा चढता? ते जरा ओशाळून म्हणाले, “पूर्वी एका दमात चढायचो. आता मधल्या टप्प्यावर उभा राहून मोबाइल काढतो. लोकांना वाटतं मेसेज वाचतोय.” ईसीजी स्वच्छ, एको स्वच्छ. स्ट्रेस थॅलियममध्ये पुढच्या भिंतीला श्रमाच्या वेळी रक्त कमी पडत असल्याचे दिसले. अँजिओग्राफीत स्टेंटमधला अरुंदपणा डोळ्यांना साठ टक्क्यांच्या आसपास वाटला, म्हणजे वाद घालता येईल असा. दाबाची तार घातली. औषधाआधी भागाकार ०.९३ होता, म्हणजे दिसायला निर्धास्त. अ‍ॅडेनोसिन सुरू केल्यावर दोन्ही आलेख एकमेकांपासून सुटू लागले आणि आकडा ०.७२ वर येऊन थांबला. ओसीटीत कारण दिसले : चुन्याच्या कड्यामुळे स्टेंट मधोमध पुरता उघडलाच नव्हता, आणि त्या अरुंद राहिलेल्या जागी ऊती वाढली होती. अधिक दाबाचा फुगा आणि त्यानंतर औषध लावलेला फुगा वापरल्यावर आकडा ०.९० झाला. पहिल्याच दिवशी दहा मिनिटे अधिक दिली असती तर बहुधा ही वेळ आली नसती, हे मी त्यांना त्यांच्या मुलासमोर सांगितले.

तपासण्यांची निवड रुग्ण पाहून करावी लागते. ट्रेडमिल, म्हणजे आपल्याकडची टीएमटी, स्वस्त आणि सर्वत्र उपलब्ध आहे. पट्टा दर तीन मिनिटांनी वेग आणि चढ वाढवतो, आणि ६४ वर्षांच्या माणसाची नाडी मिनिटाला निदान १३३ पर्यंत गेली तरच निकालाला अर्थ येतो. नाडी मंद ठेवणारी गोळी चालू असेल किंवा गुडघे दुखत असतील तर ती तिथवर जात नाही आणि अर्धवट तपासणीवर ‘निगेटिव्ह’ असा शिक्का बसतो. शिवाय धमनी नेमकी कोणती हे टीएमटी सांगत नाही. स्ट्रेस एको करणारा हात अनुभवी असेल तर ती उत्तम, किरणोत्सर्गही नसतो. ज्याला आपण सवयीने ‘स्ट्रेस थॅलियम’ म्हणतो त्यात आता बहुतेक ठिकाणी थॅलियम नव्हे तर टेक्नेशियम हे किरणोत्सर्गी द्रव्य वापरतात. त्यात स्नायूचा कोणता भाग श्रमाच्या वेळी उपाशी राहतो ते दिसते, आणि स्टेंट झालेल्या रुग्णात मी बहुधा तेच मागतो. पेट स्कॅनमध्ये दर ग्रॅम स्नायूला मिनिटाला किती मिलिलिटर रक्त मिळते हे थेट आकड्यात येते, पण हृदयासाठी ती सोय मोजक्याच केंद्रांत आहे.

लॅबने देऊ केलेली सीटी अँजिओग्राफी वाईट तपासणी नाही. स्टेंट नसलेल्या माणसात ती फार कामाची आहे. पण धातूची जाळी सीटीत आहे त्यापेक्षा जाड दिसते आणि आतला मार्ग झाकून टाकते. म्हणून स्टेंटचा व्यास तीन मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर आतील अरुंदपणाबद्दल खात्रीने बोलता येत नाही. आपल्याला मिळालेल्या स्टेंटच्या स्टिकरवर किंवा कार्डावर दोन आकडे असतात, उदाहरणार्थ २.७५ × २८. त्यांतला पहिला व्यासाचा आणि दुसरा लांबीचा, दोन्ही मिलिमीटरमध्ये. पहिला आकडा लॅबच्या प्रतिनिधीला वाचून दाखवा आणि रिपोर्टमध्ये स्टेंटच्या आतले स्पष्ट लिहून मिळेल का, एवढेच विचारा. डायचा मूत्रपिंडावर होणारा परिणाम आणि किरणोत्सर्ग हे मुद्दे आहेतच. एमआरआयबद्दल मात्र उगाच भीती असते; आजच्या स्टेंटसह तो सुरक्षितपणे करता येतो.

आणखी एक शक्यता नोंदवून ठेवतो. स्टेंट उत्तम, दाबाचा आकडा उत्तम, तरीही चालताना छाती भरून येते असे सांगणारे रुग्ण थोडेथोडके नाहीत. त्यांच्यात बऱ्याचदा दोष डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक वाहिन्यांचा असतो किंवा धमनी मधूनच आकुंचन पावते. अशांना ‘तुमच्या मनाचा खेळ आहे’ असे सांगून परत पाठवणे चुकीचे आहे. त्यासाठी वेगळी मोजणी आणि वेगळ्या गोळ्या आहेत.

वडिलांसाठी मी सुचवेन ते असे. त्यांनी रोजच्या फिरण्याचा एक मार्ग ठरवावा, मग तो तलावपाळीचा फेरा असो की उपवनचा, आणि त्यात थोडा चढ किंवा जिना असावा. तोच मार्ग, त्याच चालीने, जेवणानंतर लगेच नव्हे. पूर्वी न थांबता होणाऱ्या अंतरात थांबावेसे वाटू लागले, छातीवर दडपण, जबड्यात वा डाव्या हातात ओढ, किंवा नेहमीपेक्षा वेगळी धाप जाणवली आणि उभे राहिल्यावर दोन-तीन मिनिटांत ती गेली, तर त्या आठवड्यात डॉक्टरांकडे जावे. हेच दडपण बसल्या जागी आले आणि पाच मिनिटांत गेले नाही, तर तपासणीची अपॉइंटमेंट घेत बसू नये. १०८ला फोन करून जवळच्या कॅथलॅब असलेल्या रुग्णालयात जावे, स्वतः स्कूटर काढू नये. घोडबंदर रोडवर संध्याकाळी अडकलेल्या रुग्णाचा पहिला फोन आम्हाला वाटेतूनच येतो, आणि त्या वेळी आम्ही काहीही करू शकत नाही.

पॅकेजवर खर्च करायचे पैसे रक्तातील एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल), साखर, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारे) आणि हिमोग्लोबिन या तपासण्यांकडे वळवा. एलडीएल ५५ मिलिग्रॅमच्या खाली असावा असे युरोपीय मार्गदर्शक सूचना सांगतात. लॅबच्या छापील रिपोर्टमध्ये १००पर्यंत ‘नॉर्मल’ असे लिहिलेले असते, ते स्टेंट झालेल्या माणसाला लागू नाही. नवा अडथळा स्टेंटमध्येच येतो असे नाही, तो दुसऱ्या धमनीतही येऊ शकतो, आणि तो रोखण्याचे काम या आकड्यावर, रक्तदाबावर आणि तंबाखू सुटण्यावर अवलंबून असते.

पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना डिस्चार्ज कार्ड, स्टेंटचे स्टिकर आणि अँजिओप्लास्टीची सीडी सोबत न्या. सीडी बहुतेकांच्या कपाटात पडून असते आणि काही वर्षांनी ती चालत नाही. आजच तिची एक प्रत पेनड्राइव्हवर करून ठेवा.